म्हणे बुटाचा पायगुण

मी एक जुना धावण्याचा बूट आहे. लाल रंगाचा, तळाला खिळे असलेला, उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ शेजारीच असतो, पण तो स्वभावाने गरीब, म्हणून बोलण्याचं काम माझ्याकडे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तूंनी नम्रपणे बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. ते मला जमणार नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे.

माझा जन्म कारखान्यात एका लाकडी साच्यावर झाला. साचा मोठा देखणा होता, पुढे छान निमुळता. पण त्याने जन्मात कधी एक पाऊल टाकलं नव्हतं. त्याला घाम येत नव्हता, संध्याकाळी सूज येत नव्हती आणि बोटं तर नव्हतीच. अशा गृहस्थाच्या मापाने मला शिवलं गेलं.

दुकानात मला घ्यायला एक उंच शाळकरी मुलगी आणि तिच्या क्लबातले सर आले. दुकानदार म्हणाला, "एक नंबर मोठा घ्या. धावताना पाय पसरतो." सर म्हणाले, "सैल बुटात पोरं सुस्तावतात. घट्टच द्या." मुलीला कुणी विचारलं नाही. तिने पाय आत कोंबला आणि "बसतोय" असं हळूच म्हणाली. नव्या बुटाचा आनंद होता तिला, दुसरं काय म्हणणार?

त्या वर्षी तिने चारशे मीटरची शर्यत जिंकली. जिंकली, कारण वर्षभर ती सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. पण सरांनी हातात उंच धरलं ते मला. "या बुटाचा पायगुण बघा!" म्हणाले. पायगुण पायाचा असतो, एवढंही कुणाला सुचलं नाही. पुढच्या वर्षी ती माझ्यातच धावत होती आणि मध्येच यायची बंद झाली. "आळशी झाली," सरांनी निकाल दिला आणि मला काचेच्या कपाटात चषकांच्या रांगेत बसवलं.

तेव्हापासून क्लबात रीतच पडली. अंतिम स्पर्धा जवळ आली की त्या वर्षीच्या सगळ्यात वेगवान मुलीच्या पायात मला चढवायचं. पाय लहान असला तर पुढे कापूस भरायचा, मोठा असला तर टाचेला साबण चोळून आत ढकलायचा. मुलींना यात मान वाटे. जिंकली तर बूट शुभ, हरली तर मुलगी कच्ची. हे ऐकून माझे खिळे शिवशिवायचे.

सर माझी काळजी घेत नव्हते असं नाही. मऊ फडकं, पॉलिश, आत कागदाचे बोळे, सगळे लाड होते. आणि ज्या पायांनी धावायचं, त्यांचं काय? एकीच्या करंगळीवर खड्यासारखं टोचणारं कुरूप होतं. दुसरी ओले मोजे तसेच पुन्हा चढवायची, म्हणून तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. आणखी एकीला सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवत नसे. मला हे माहीत, कारण मी आतून बघतो. सर बाहेरून बघायचे आणि म्हणायचे, "नाटकं नकोत."

यंदा माझ्या वाट्याला भिंगरी आली. हे तिचं मैदानावरचं नाव, आणि ते शोभूनही दिसे, कारण ती एका जागी ठरत नसे. सराव ती आपल्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत करायची. त्यांत तिची बोटं मोकळी पसरायची, अंगठा जमिनीला रेटा द्यायचा आणि सगळं अंग पुढे झेपावायचं. माझ्यात आल्यावर तीच बोटं एकमेकांवर चढून बसली. अंगठ्याला रेटा द्यायला जागाच उरली नाही. उपांत्य फेरीत ती कशीबशी दुसरी आली. माझ्या टोकावर आपटून आपटून तिचं नख काळं पडलं आणि मुळाशी सुटलं. रक्त माझ्या अस्तरात मुरलं. तिने कुणाला सांगितलं नाही. ती पाय टेकताना कचरते हे पाहून सर म्हणाले, "आठवडाभर घरी घालून हिंड. बूट पायाला सरावेल." पायाने बुटाला सरावायचं की बुटाने पायाला, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

अशा रीतीने मी पहिल्यांदा कपाट सोडून कुणाच्या घरी गेलो. संध्याकाळी भिंगरीची मावशी कामावरून आली. रुंद, सैल चपला, चालताना किंचित लंगडणं. ती दारातच मला बघून थांबली. मीही तिला ओळखलं. पाय वाकडा झाला होता, पण टाच तीच होती. दुकानातली ती उंच मुलगी!

"हे बूट अजून आहेत?" तिने विचारलं.

"मानाचे आहेत मावशी. फायनलला मी घालणार," भिंगरी म्हणाली आणि टाचांवर चालत पाणी आणायला वळली.

"अशी काय चालतेस? बस इथं. मोजा काढ."

"नको ना."

"काढ म्हणते ना."

मोजा नखाला चिकटला होता. ओट्याशी उभी असलेली आई वळली आणि हातातलं काम टाकून जवळ आली.

"सरांना सांगू नकोस," भिंगरी रडकुंडीला आली. "ते मला बाहेर बसवतील आणि दुसरीला बूट देतील. तूसुद्धा यातच जिंकली होतीस ना?"

"जिंकले." मावशीने चप्पल काढून पाय पुढे केला. अंगठा शेजारच्या बोटावर आडवा पडला होता आणि त्याच्या मुळाशी हाड गाठीसारखं बाहेर आलं होतं. "आणि वर्षभरात धावणं सुटलं. सगळ्यांना सांगितलं, कंटाळा आला. खरं कारण हे. अंगठा रेटेना, म्हणून सगळा भार गुडघ्यावर यायला लागला. मग गुडघाही गेला."

भिंगरी त्या पायाकडे बघतच राहिली. घरात कुणी आवाज चढवला नाही. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि काही आठवडे धावायला मनाई केली. तिथून मावशी आणि भिंगरी मला घेऊन थेट क्लबात गेल्या. मला बघताच सर म्हणाले, "अरे, याचं पॉलिश कुणी खरवडलं?" मित्रांनो, समोर पोर एका पायावर उभी होती!

मावशीने मला टेबलावर ठेवलं आणि स्वतःचा पाय शेजारच्या खुर्चीवर. "ओळखलंत का सर?"

सरांनी ओळखलं. त्यांचा चेहरा उतरला. "मला कधी कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी मोजा काढायला सांगितलंत?"

"पण एका नखासाठी फायनल सोडायची? तिलाच विचार की."

या क्लबात पहिल्यांदाच कुणाला काही विचारलं गेलं. भिंगरीचे डोळे भरून आले. "मला धावायचंय सर," ती म्हणाली. "पण मावशीएवढी होईन तेव्हासुद्धा धावायचंय."

मावशीने भिंतीवरची प्रथमोपचाराची पेटी उघडली. ती कधी कुणी उघडतच नसे, त्यामुळे आतली कात्री अगदी कोरी होती. "अहो, काय करताय!" असं सर म्हणेपर्यंत तिने माझं टोक कचाकचा कापून टाकलं. पुन्हा कुणा पोरीच्या पायात मला चढवता येणार नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. जन्मात पहिल्यांदा आत वारा आला.

अंतिम शर्यत भिंगरीशिवाय झाली. सरांनी मला कचऱ्यात टाकलं होतं. तिनेच उचलून पुन्हा कपाटात ठेवलं, चषकांच्या मधोमध. तिचं नख आता परत येतं आहे. मावशीने तिला नवे बूट घेऊन दिले, तेही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, दोन्ही पायांवर उभं करून, पुढे बोटं हलतील एवढी जागा ठेवून. ती पुढच्या वर्षी जिंकेल का, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुम्ही चेहरा आरशात दहा वेळा बघता. दिवसातून एकदा पाय बघा. ते धुवा, बेचक्या कोरड्या पुसा, बोटं पसरून बघा. दुखत असेल तर मोठ्याने सांगा, आणि कुणी सांगितलं तर त्याला नाटक म्हणू नका.

सर आता नवी मुलगी आली की आधी तिला मोजे काढायला सांगतात आणि चष्मा लावून वाकून बघतात. कपाटाकडे मात्र ते बघत नाहीत. बघूही नये. माझा राग अजून गेलेला नाही.