रेरेआचं माप

तिनिआने मापपाटीची सरकती फळी पोरीच्या टाचांना टेकवली आणि आकडा वाचला. एकाहत्तर पूर्णांक नऊ. तिने फळी मागे ओढली, पोरीचे गुडघे तळहाताने सपाट दाबले आणि पुन्हा टेकवली. एकाहत्तर पूर्णांक आठ.

"डोकं नीट धर गं."

"धरलंय की," तेबोरा म्हणाली. पाटीच्या वरच्या टोकाला ती मांडी घालून बसली होती आणि पोरीच्या दोन्ही कानांवर तिचे तळवे होते. "आणखी किती घट्ट धरू? मान मोडेल पोरीची."

तिसऱ्यांदाही आकडा तिथेच आला. तिनिआने मांडीवरचा तक्ता ओढून मागचा रकाना पाहिला. रेरेआ, तेबोराची मुलगी, वय चौदा महिने, मार्च: त्र्याहत्तर पूर्णांक चार. अक्षर तिचं स्वतःचंच होतं. आता सप्टेंबर चालू होता. म्हणजे सहा महिन्यांत पोर दीड सेंटिमीटर आखूड झाली होती.

बेटावरची मुलं जन्मापासून किती वाढतात, कुठे खुंटतात आणि का खुंटतात, याचा अभ्यास राजधानी तारावाच्या कचेरीतून चालला होता. पाटी पाठीला बांधून दर तीन महिन्यांनी सात गावं फिरायची, मापं घ्यायची आणि लिहायची, एवढं तिनिआचं काम. चार वर्षं ती ते करत होती. सुकलेली पोरं तिने पाहिली होती, सुजलेली पाहिली होती. आखूड झालेलं पोर मात्र कधी पाहिलं नव्हतं. तसं होतच नाही ना! वजन जातं, अंगातलं रक्त जातं, पण हाड एकदा वाढलं की मागे येत नाही.

"रेरेआ," तिने हाक मारली.

पोर तिच्याकडे बघून हसली. तेबोराने मात्र आधी वळून घराच्या मागच्या नीरफणसाकडे पाहिलं आणि मग पोरीकडे. एवढ्याशा वेळात काय ते झालं, पण तिनिआनेही वळून तिकडे पाहिलं. भर दुपार होती, वाळू डोळ्यांत जात होती, आणि झाडाखाली कोणीही नव्हतं.

सकाळी होडीतून उतरल्यापासूनच गावाचं काहीतरी बिनसलेलं तिला जाणवत होतं. पाहुण्याला खाऊपिऊ घालतात, त्यात नवल नाही. पण आज प्रत्येक घराने हात धरून बसवलं होतं. नीरा पाजली होती, मासा वाढला होता, आणखी थोडं, आणखी थोडं. आणि दोघीतिघींनी आपणहून सांगितलं होतं, "तेबोराकडे जाऊ नकोस गं, ती घरी नसेल." तेबोरा तर मचाणावर बसून केवड्याच्या पानांची चटई विणत होती. समोरच्या घरातल्या बायकाही विणतच होत्या. आता त्यांचे हात थांबले होते.

"आ कर बघू, बाळा."

पोरीने तोंड उघडलं. वर दोन, खाली दोन. तिनिआने पुन्हा तक्ता पाहिला.

"मार्चमध्ये हिला सहा दात होते."

"पडले असतील."

"दीड वर्षाच्या पोरीचे?"

पोर पाटीवर गुपचूप पडून होती. मार्चमधली रेरेआ अशी पडली नव्हती. डोकं धरायचा अवकाश, तिने असा गळा काढला होता की गावातली कुत्री भुंकायला लागली होती. त्यावरून दोघी हसल्याही होत्या.

"ही कोण आहे, तेबोरा?"

"रेरेआ."

"तेबोरा, अगं..."

"रेरेआच आहे!" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "माझ्या बहिणीची. जुलैत तिने मला दिली. चटई तीच आहे, झबलं तेच आहे. नाव रिकामं ठेवू नये म्हणतात."

बहिणीने बहिणीला पोर देणं इथे नवं नव्हतं. गेलेल्याचं नाव पुढच्याला देणंही नवं नव्हतं. तिनिआच्या स्वतःच्या नावाची एक मुलगी तिच्याआधी घरात होऊन गेली होती.

"आणि ती? मार्चमधली?"

"तू गेलीस ना मार्चमध्ये? त्याच्या नवव्या दिवशी."

तिनिआने पोरीला पाटीवरून उचललं आणि तेबोराच्या मांडीवर दिलं. हाताला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून मग ती पाटी पुसत बसली.

तो दिवस तिला लख्ख आठवला. भरती उतरायला लागली होती. पाणी गेलं की आतल्या उथळ पाण्यात होडी रुतते आणि मग संध्याकाळपर्यंत अडकून पडावं लागतं. होडीवाला हाका मारत होता. तेबोरा म्हणाली होती, "हिला दोन दिवस जुलाब होतायत गं, बघतेस का जरा?" तिने पोरीला काट्याला टांगलं. सहा किलो आठशे. कचेरीची रेषा सहा किलो सहाशेवर होती. रेषेच्या खाली पोर गेलं, तर मापं घेणाऱ्याने ते सोबत घेऊन नर्सकडे पोचवायचं, असा नियम. रेषेच्या वर असलं तर लिहायचं आणि पुढे जायचं. ती लिहून पुढे गेली होती. जाताना म्हणाली होती, "पाणी पाज भरपूर. नाही थांबलं तर ने नर्सकडे." पण नर्सच्या गावाला जाणारी होडी तर तिच्यासोबतच निघाली होती.

जूनमध्ये तिला शिकायला तारावाला बोलावलं होतं. तिच्या जागी आलेल्या बाईने या घरापुढे 'घरी नाहीत' असं लिहिलं होतं.

"दोनशे ग्रॅम," तिनिआ म्हणाली. "दोनशे ग्रॅम कमी असती, तर मी तिला घेऊन गेले असते."

"मला माहीत आहे." तेबोरा पोरीच्या केसांतून बोटं फिरवत होती. "तू यायच्या आधी मी तिला शहाळं पाजलं होतं. अर्धंअधिक प्याली."

तिनिआने वर पाहिलं.

"सगळ्याच पाजतात," तेबोरा म्हणाली. "तुला ठाऊक नाही? काट्यावर हलकं पोर टांगायची लाज वाटते. चार बाया बघत असतात. समोरच्या त्या सगळ्या पाजतात, विचार त्यांना. आमची पोरं तुझ्या वहीत आहेत त्याहून हलकी आहेत."

समोर कोणीच मान वर केली नाही.

एवढ्यात काठी टेकत बाउरोआजोबा आले. गाव जमायचं त्या सभाशाळेत त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांना कोणीतरी धावत जाऊन निरोप दिला असणार. ते मचाणाच्या कडेला टेकले, श्वास घेतला आणि उगाच पाटीकडे बघत राहिले.

"लाकूड आहे, पोरी," ते शेवटी म्हणाले. "खाऱ्या हवेत फुगतं. माप चुकतं कधीकधी."

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं."

"सगळ्या गावाला माहीत आहे." त्यांनी काठी आडवी ठेवली. "तुझी आजी याच गावची. तू गावची नात. तू बघून गेलीस आणि नऊ दिवसांत पोर गेली, असं त्या कागदांत गेलं असतं तर तुला कोणी ठेवलं असतं का? पोर तर गेलीच होती. नातीची अब्रूही कशाला घालवायची? सभेत ठरलं, तोंडं मिटायची. रडायचं नाही, जमिनीवर काठ्या आपटून निरोप द्यायचा नाही. तो आवाज पाण्यावरून पलीकडच्या गावात जातो, नर्सच्या कानावर जातो. गुपचूप पुरलं."

"आणि तेबोराने?"

"हिने ऐकलं. शहाणी आहे."

तिनिआला राग आला. इतका की हातातलं फडकं तिने वाळूत फेकलं. "कोंबडं झाकून ठेवलंत, आजोबा. तांबडं फुटायचं राहिलं का? सकाळपासून मी तुमच्याकडून नीरा पितेय आणि तुम्ही..." राग त्यांच्यावर नव्हताच, हे तिलाही कळत होतं.

"ती गेलीच नाही," तेबोरा हळूच म्हणाली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. "कशी जाईल? निरोपच दिला नाही कोणी. झाडाखाली असते. हिला रेरेआ म्हणून हाक मारली की दोघी बघतात. आता आता तर मला हाक मारायचीच भीती वाटते. चटईच्या कडेला येऊन उभी राहते आणि बघते, आपल्या जागी कोण निजलंय. काही बोलत नाही. बोलायला तरी कुठे लागली होती?"

बाउरोआजोबांनी मान खाली घातली. "वेडी झालीय," असं ते पुटपुटले, पण नीरफणसाकडे त्यांनी पाठ केली नाही.

तिनिआने तक्ता मांडीवर घेतला. आकड्यांच्या रकान्याशेजारी एक बारीक चौकोन होता. माप चुकलं असेल तर त्यात फुली मारायची. तशी फुली तिने याआधी कितीदा मारली होती, पोरं हलतात, रडतात, सुटतात. फुली मारली की तारावाची मोठी डॉक्टरीण तो आकडा सोडून देई. आणि सप्टेंबरचं माप मार्चपेक्षा कमी, त्यावर फुली, म्हटल्यावर ती मागचाही आकडा सोडून देणार. मग रेरेआ मेलेली नाही, जिवंत नाही, नुसती चुकलेली. कोणी काही विचारणार नाही. तिनिआ तीन महिन्यांनी पाटी घेऊन परत येईल, गाव पुन्हा नीरा पाजेल, आणि या घराच्या दारात कोणीतरी हाकेसरशी झाडाखालून बघेल.

"फुली मार," आजोबा म्हणाले. "मला कळतं ते. जूनमधल्या त्या बाईने मारली होती कोणाच्या तरी पोराला. मार आणि मोकळी हो."

"मी मोकळी होईन, आजोबा. हिचं काय?"

तिने पिशवीच्या तळातून मेलेल्या मुलाच्या नोंदीचा पिवळा कागद काढला. चार वर्षांत तो तिने तीनदा भरला होता. तिने त्याची घडी उलगडली.

"तुझी नोकरी, पोरी..."

"तिला रडू दे, आजोबा," तिनिआ म्हणाली. "सहा महिने झाले."

तिनिआने पेन काढलं आणि प्रश्न इंग्रजीतून वाचत आपल्या भाषेत विचारायला लागली. नाव. तारीख. दुखणं कधी सुरू झालं? जुलाब किती दिवस? रक्त पडत होतं का? शेवटच्या दिवशी दूध पीत होती का? तेबोरा एकेका प्रश्नाला उत्तर देत गेली. आधी एका शब्दात, मग दोन, मग वाक्यच्या वाक्यं. शेवटच्या दिवशी काय खाल्लं, कोणाकडे बघून हसली, कोणत्या कुशीवर होती. कागदावर तेवढी जागा नव्हती. तिनिआने समासात लिहिलं आणि पाठीमागेही लिहिलं.

राहिला शेवटचा प्रश्न. तो तिने मनात वाचला, मग मोठ्याने विचारला.

"मरणाआधीच्या दोन आठवड्यांत मुलाला आरोग्याच्या कोणा माणसाला दाखवलं होतं का? दाखवलं असल्यास, कोणाला?"

तेबोराने आजोबांकडे पाहिलं, समोरच्या बायकांकडे पाहिलं आणि मग थेट तिनिआच्या डोळ्यांत पाहिलं.

"कोणालाच नाही," ती म्हणाली. "लिही. कोणालाच नाही."

तिनिआने मान हलवली आणि लिहिलं. लिहायला तिला वेळ लागला.

"काय लिहिलंस?"

"तू सांगितलंस तेच."

तेबोराने हात पुढे करून कागद घेतला. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण त्यांच्या भाषेतही अक्षरं तीच असतात, आणि नाव वाचायला भाषा लागत नाही. तिचं बोट ओळींवरून खाली खाली सरकत शेवटच्या प्रश्नापुढे आलं आणि तिथे थांबलं. तिचे ओठ हलले: ति-नि-आ. मग तिने कागद नीट घडी करून तिनिआच्या पिशवीत ठेवला.

ती उठली. कडेवरची पोर तिने तिनिआच्या मांडीवर बसवली.

"हिला धर जरा," ती म्हणाली आणि घराच्या मागे गेली.

मग नीरफणसाखालून तेबोराचा आवाज उठला, एकच नाव, पुन्हा पुन्हा, गावभर ऐकू जाईल असा. समोरच्या बायकांनी हातातली पानं खाली ठेवली आणि एकेक करून उठल्या. बाउरोआजोबा काठी उचलून त्यांच्या मागोमाग गेले, आणि थोड्या वेळाने जमिनीवर काठ्या आपटायला लागल्या. आवाज पाण्यावरून पलीकडे जात होता. मांडीवरची पोर दचकून रडायला लागली, तशी तिनिआने तिला छातीशी धरलं. तिचं नाव घ्यायचं तिला धाडस होईना, म्हणून ती नुसतीच तिला थोपटत राहिली.