जबड्याखालचा खडा

गोदामात माणूस माणसाला खेटून उभा होता. पुढे बाकावर अंगातून खडा काढून बाधा घालवणारे खडेबुवा, आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर कारखान्यातल्या एका टर्नरची बायको. तिच्या जबड्याखाली उजव्या बाजूला लिंबाएवढी सूज होती. घास तोंडात गेला की ती टरारून वर यायची, तासा-दोन तासांत उतरायची. दोन महिने हेच चाललं होतं.

"भुकेली बाधा आहे," बुवा म्हणाले. "ही जेवते, ती फुगते. नवऱ्यानेच हाणली पाहिजे. मार बाधेला लागतो, बाईला नाही."

लेथवर लोखंड कातणारा हात टर्नरने उचलला आणि बायकोच्या जबड्यावर मारला.

"जोरात," बुवा म्हणाले. "बाधा हसतेय आत."

दुसऱ्या तडाख्याला ओठ फाटला. तिसऱ्याला ती आडवी झाली. बुवांनी तिचा गळा चिमटीत धरला, काहीबाही पुटपुटले आणि रक्ताळलेला काळा खडा सगळ्यांना दाखवला. लोक पाया पडायला लोटले. सूजही उतरली, दिवसभर पोटात अन्न नव्हतं, उतरणारच.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घासाला सूज परत आली, सोबत तापही. टर्नर घाबरून तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"ओठ कुणी फाडला?" बाईंनी विचारलं.

बायकोच म्हणाली, "यांनी. बुवांनी सांगितलं म्हणून."

बाईंनी तिची जीभ वर उचलून बॅटरी धरली आणि त्याला जवळ बोलावलं. "बघा. लाळेच्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात: कानापुढे, जबड्याखाली, जिभेखाली. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी इथे, जिभेखाली, पुढच्या दातांमागे उघडते. तिथली लाळ दाट आणि वाट चढाची, म्हणून बहुतेक खडे तिथेच होतात. खाताना लाळ सुटते, वाट बंद असते, ग्रंथी फुगते. तुमच्या मशीनची तेलाची नळी तुंबली तर काय होतं?"

"मागे दाब वाढतो."

"मग मशीनच्या थोबाडीत मारता?"

बाईंनी तिच्या जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"चेहऱ्याची एक नस इथूनच जाते. ती दुखावली असती तर हिचा ओठ वाकडा राहिला असता."

आठवडाभराच्या औषधांनी ताप आणि ग्रंथीत झालेला पू ओसरला. मग बाईंनी जागा बधिर करून नळीला बारीक छेद दिला. तांदळाएवढा, पिवळट खडा बाहेर आला.

"बुवांचा काळा होता," टर्नर पुटपुटला.

"मग तो कुठून आला, ते बघा."

तो तडक गोदामात गेला. तिथे एक म्हातारा गुडघ्यांवर बसला होता, त्याच्या मुलाचा हात उगारलेला. बुवांनी गळ्याकडे हात नेला तोच टर्नरने त्यांचं मनगट धरलं आणि एकेक बोट उघडलं. दोन बोटांच्या बेचक्यात लाल रंगात भिजवलेला काळा खडा होता.

मग लोकांच्या लाथा सुरू झाल्या. बुवांचं नाक फुटलं, एक दात पडला. टर्नर मध्ये पडला, दोन लाथा त्यालाही बसल्या. "पोलिसांना बोलवा," तो म्हणाला. "मारून इथे कुणाचं काही बरं झालेलं नाही."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती सावकाश भात चावत होती. सूज नव्हती.

"बुवाने फसवलं, खरं आहे," ती म्हणाली. "पण मी खाली पडले, तेव्हा तुम्हाला थांबता आलं असतं."

तो माफी मागू लागला. तिने हातानेच थांबवलं आणि जेवत राहिली.

सूज आली तर तोंड उघडून दाखवा, जाणत्या डॉक्टरला दाखवा. आणि आजारी माणसाला मारायला सांगणारा कितीही मोठा असो, हात उचलण्याआधी त्याची मूठ उघडून बघा.