सोळा पूर्वजांची परीक्षा

एर्लेनश्टाइन घराण्याच्या तीन गढ्या होत्या आणि तिन्ही गळत होत्या. वरची पावसात गळायची, खालची बर्फ वितळलं की गळायची, आणि तळ्यातल्या गढीत पाणी सोयीस्करपणे खालूनच यायचं. काउंट एबरविन यांना त्याचं काही वाटत नसे. वरच्या गढीतल्या चाळीस खोल्यांपैकी एकीतच शेकोटी पेटे. तिथे ते ओव्हरकोट घालून, चांदीच्या चमच्याने मसुराची आमटी खात आणि तेराव्या शतकाविषयी बोलत. त्या शतकात घराण्याचं बरं चाललं होतं.

वारस रुप्रेख्ट एक्केचाळीस वर्षांचा. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: श्टुटगार्टला दोन खोल्यांचा फ्लॅट, ज्याच्या छपराची काळजी दुसरं कुणीतरी करील. पण गढ्या विकायच्या नाहीत, वाटायच्या नाहीत आणि थोरल्या मुलाने नको म्हणायचं नाही, असा घराण्याचा कायदा. सतराशे छप्पन्न साली कुणा पूर्वजाने तो लिहून ठेवला आणि स्वतः मात्र व्हेनिसला जाऊन राहिला. सुटकेची वाट एकच होती. बरोबरीच्या कुळाबाहेर लग्न केलं, की वारसा जायचा आणि तिन्ही गढ्या चुलतभाऊ बोथोच्या गळ्यात पडायच्या. कूळ ठरायचं ते वधूच्या सोळा खापरपणजोबा-खापरपणज्यांवरून. सोळाच्या सोळा उमराव हवेत.

त्या उन्हाळ्यात गढीचं छप्पर शाकारायला हायड्रुन आली. वडिलांमागे त्यांचा धंदा चालवणारी, मोकळं हसणारी, छपराच्या टोकावर बसून डबा खाणारी बाई. रुप्रेख्टला ती मनापासून आवडली. तिच्या घराण्यात औषधालाही उमराव नाही हे कळल्यावर तर ती त्याला स्वर्गातून उतरल्यासारखी वाटली.

एका रविवारी चार वाजता, कॉफी आणि आलुबुखारच्या केकच्या वेळी, त्याने तिला वडिलांपुढे उभं केलं.

"पपा, आम्ही लग्न करतोय. कायदा मला मान्य आहे. बोथोला आजच कळवून टाका," तो म्हणाला. चेहरा इतका दुःखी केला होता, की कुठल्याही नाटक कंपनीने त्याला ठेवून घेतलं असतं.

"घाई कसली? परीक्षा होऊ दे." काउंटांनी चष्मा लावून कागद ओढला. "हं, मुली. तुझे खापरपणजोबा काय करायचे?"

"छपरं शाकारायचे."

"आणि दुसरे?"

"तेही. आमच्यात छपरवाल्यांच्याच घरात सोयरीक करतात. उंचीला घाबरणारं माणूस घरात कशाला आणायचं?"

"म्हणजे सगळेच?"

"सोळाच्या सोळा. बायकासुद्धा छपरवाल्यांच्याच मुली. दुकानात भिंतीवर यादी लावलीय."

काउंटांची पेन्सिल थांबली. "सोळाच्या सोळा! एकही डाग नाही! आमच्या यादीत तर एक घोड्यांचा दलाल आहे. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही."

"पपा, पण ते उमराव नाहीत!" रुप्रेख्ट घाईघाईने म्हणाला.

"तू गप बस रे. घराण्याचा प्रमुख कोण? मी. आजपासून छपरवाले आपल्या बरोबरीचे." काउंटांनी तिथल्या तिथे कायद्याच्या समासात तसं लिहिलं, सही केली, लाखेचा शिक्का मारला. चाळीस वर्षांत त्यांनी इतक्या झटपट केलेलं हे पहिलंच काम. "जा, कर लग्न. गढ्याही तुझ्याच."

हायड्रुन आनंदाने वळली आणि तिने रुप्रेख्टचा चेहरा पाहिला.

"अरे, हो म्हणाले ते. मग तुझं तोंड का उतरलं?"

"कुठे काय? आनंदच झालाय."

"बारा वर्षांची होते तेव्हापासून छपरावर चढतेय मी. वरून ठीक दिसणारा छपराचा पत्थर आतून फुटलाय का, ते ठोकल्यावर कळतं मला. खरं सांग, तुला मी हवीय, की इथून सुटका?"

त्याने ताबडतोब 'तू' म्हणायला हवं होतं. पण ताबडतोब काही करायची त्या घराण्यात कुणालाच सवय नव्हती. तो विचार करत राहिला.

"दोन्ही," अखेर तो म्हणाला. ते खरं होतं, आणि त्यानेच घात झाला.

हायड्रुनचे डोळे भरले. "आधी सांगितलं असतंस तर मीही मदत केली असती की. तू मला नुसतंच पुढे केलंस." तिने जाकीट उचललं. "काउंटसाहेब, घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही. तिन्ही छपरं करून देते. लग्नाचं त्यानंतर बघू. जमलं तर."

"किती दिवस लागतील?"

"नीट करायचं तर बारा वर्षं."

"पाहिलंस?" काउंट खूश होऊन मुलाला म्हणाले. "कशी घरंदाज मुलगी आहे! कसली म्हणून घाई नाही."

रुप्रेख्टला रडू फुटलं. बारा वर्षांनी तो त्रेपन्न वर्षांचा होणार होता, आणि तोवर रोज सकाळी त्याला मान वर करून तिला पाहावं लागणार होतं.