काकांचा होकार

"बघ ना ताई, बाबा हो म्हणतायत."

काकांच्या मुलीनं माझा हात धरून मला खाटेजवळ नेलं. काका कोसळल्याचा आजचा नववा दिवस. तोंडात श्वासाची नळी, हातपाय लाकडासारखे पडलेले. तिनं वाकून विचारलं, "बाबा, सोडवू का यातून?" उघड्या डोळ्यांतली बुबुळं झपकन खाली पडली आणि सावकाश वर आली.

"दिसलं? सकाळी पण असंच."

नळी काढायच्या कागदावर तिला दुपारी सही करायची होती.

काका माझे रक्ताचे कोणी नव्हेत. डोळ्यांच्या हालचाली नोंदवायच्या खोलीत त्यांनी मला काम शिकवलं. चक्कर येणाऱ्या माणसाला बसवायचं, अंधारा चष्मा चढवायचा आणि पडद्यावर त्याची थरथरती बुबुळं बघायची. कान बिघडला की ती आडवी पळतात, पण नजर एका जागी रोखली की निवतात. लहान मेंदू बिघडला तर कितीही रोखा, खाली-खाली झटके देतच राहतात. "डोळ्यासारखा चहाडखोर नाही," काका म्हणायचे. "डोकं लपवतं, हा सांगून मोकळा होतो." अख्खं हॉस्पिटल त्यांना दुर्बीण म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचंही.

"जरा गप्प राहा," मी तिला म्हटलं आणि घड्याळ धरलं. कोणी काही विचारलं नाही, तरी डोळे पडले. सहा सेकंदांनी, मग नऊ, मग पाच.

"अगं, हा होकार नाही. मेंदूच्या देठाला, म्हणजे मेंदू मणक्याला जोडणाऱ्या भागाला, इजा झाली की डोळे असे आपोआप पडतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबा आत नाहीतच?"

ते मला माहीत नव्हतं. डॉक्टर रोज त्यांना डावी-उजवीकडे बघायला सांगत होते आणि काही होत नव्हतं. पण आडवी नजर जिथून चालते, नेमकी तीच जागा गेली होती. वर बघण्याची जागा तिच्याही वर असते, ती शाबूत असू शकते. हे मला काकांनीच शिकवलेलं, आणि मी नऊ दिवस येऊन नुसती रडून जात होते. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"काका, ऐकू येत असेल तर वर बघा."

डोळे खाली पडले. ते मी सोडून दिलं. सावकाश मध्यावर आले, आणि तिथं थांबले नाहीत. वर गेले, आणि ओझं उचलून धरावं तसे थरथरत वरच राहिले.

हजारो डोळे बघितले होते, मला वाटायचं की मला ते कळतात. एवढ्याशा जागेत अख्खा माणूस उभा राहिलेला मी पहिल्यांदाच बघितला. माझे हात आपसूक जोडले गेले.

मी हाक मारली तसे डॉक्टर धावत आले. हो असेल तर वर बघा, नाही असेल तर डोळे मिटा, असं ठरवून त्यांनी विचारलं, "काका, मी तुमची मुलगी आहे का?" डॉक्टरांना चांगल्या झुपकेदार मिशा होत्या. काकांनी डोळे मिटले. डॉक्टर हसले, मग चष्मा काढून पुसत बसले.

मुलगी पुढं झाली. "बाबा, नऊ दिवस सगळं ऐकत होतात?"

वर.

"तुमचे कपडे कोणाला द्यायचे, ते पण?"

वर. तिनं तोंडावर हात दाबला. मग तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. "सोडवू का?"

डोळे खाली पडले. ती दचकली. मी तिचं मनगट धरलं. "हे त्यांचं नाही. थांब."

बुबुळं मध्यावर आली. मग पापण्या मिटल्या, आणि आम्हा तिघांना पक्कं कळेपर्यंत मिटलेल्याच राहिल्या.

तिनं कागद डॉक्टरांच्या हातात दिला, स्टूल ओढलं आणि बाबांच्या तोंडासमोर बसली.

"उशी जरा उंच करू?"

डोळे उघडले आणि वर गेले.