संमतीचा रकाना

बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांच्या नवऱ्यापासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या सुनेला दिवस गेल्याचं तिच्या सासूच्या आधी अर्ध्या गल्लीला कळलं, तेही बाईंच्याच कृपेने. अशा बाईंना नशिबाने नोकरी दिली ती कायद्याच्या ग्रंथालयात, ग्रंथपाल म्हणून. तिथे भिंतीवर दोनच नियम लावलेले होते. पहिला, इथे माहिती मिळेल, सल्ला मिळणार नाही. दुसरा, एका वाचकाचं काम दुसऱ्याला सांगितलं जाणार नाही. पहिला बाईंना जड गेला आणि दुसरा तर जीवघेणाच होता. तरी बावीस वर्षं त्यांनी दोन्ही पाळले होते आणि त्याबद्दल त्यांना स्वतःविषयी फार आदर वाटायचा.

ग्रंथालय न्यायालयाच्या मागच्या अंगाला होतं. एके काळी तिथे वकिलांची रीघ लागायची. मग निकालांचे जाडजूड खंड संगणकात गेले, त्यांच्यामागोमाग वकीलही गेले आणि लांबलचक टेबलांवर नुसते दिवे उरले. तेव्हा वरिष्ठांनी ठरवलं की दार सगळ्यांसाठी उघडायचं. मंगळवारी एक तुकडी आणि गुरुवारी दुसरी, संध्याकाळी पाच ते सात, 'आपला अर्ज आपणच भरा' हा फुकट वर्ग. चार आठवडे वर्ग, आणि शेवटी एका शनिवारी दोन्ही तुकड्यांची मिळून नमुना सुनावणी. म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश समोर बसणार आणि ज्याने त्याने उठून आपलं म्हणणं मांडायचं, म्हणजे खऱ्या न्यायालयात वाचा बसायला नको.

बाईंना वाटलं होतं, कुत्रंही फिरकणार नाही. पण लोक आले. सामाईक जिन्यावरून भांडणारा शिंपी आला, दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायला नर्स आली, शेजारच्या कोंबड्याने झोप उडवलेले एक निवृत्त शिक्षक आले. बाई फळ्यावर भलामोठा अर्ज काढायच्या आणि एकेक रकाना समजावून सांगायच्या. मध्येच कोणी विचारलं, "मग मी अर्ज करू का नको?" की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बोट दाखवायच्या. निळ्या शाईने लिहू की काळ्या, याचं उत्तर सल्ल्यात मोडतं की माहितीत, हे त्यांनी वरिष्ठांना एकदा लेखी विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

मंगळवारच्या तुकडीत एक कुलूपवाले होते. चौसष्टीचे, बोटांच्या रेषांत पितळेची पूड कायमची बसलेली. दुकान मंगळवारी बंद, म्हणून मंगळवार. पहिले दोन आठवडे ते मागच्या बाकावर नुसते बसून राहिले. वेळ जाईना म्हणून त्यांनी खंडांच्या कपाटाचं अडकणारं कुलूप तेवढं सुधारून दिलं. तिसऱ्या मंगळवारी सगळे गेल्यावर त्यांनी अर्ज पुढे केला. सज्ञान व्यक्तीला दत्तक घेण्याचा अर्ज होता तो. दोघांची संमती असली तर आता नव्या कायद्याने मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं, हे त्यांनी बाईंच्याच तोंडून फळ्यासमोर ऐकलं होतं.

"रकाने बरोबर भरलेत का, तेवढं बघा," ते म्हणाले.

बाईंनी पाहिलं. 'सध्याचे नाते' या रकान्यात लिहिलं होतं: तिच्या आईचा नवरा. 'अर्जाचे कारण' यासाठी तीन ओळींची जागा होती, पण कारण मागे जोडलेल्या दोन कागदांवर पसरलं होतं आणि त्यात सायकल शिकवताना मुलीचं ढोपर कसं फुटलं इथवर सगळा तपशील होता.

"तीन ओळींत बसवावं लागेल," बाई म्हणाल्या. ही माहिती होती.

"नऊ वर्षांची होती हो. पहिल्या दिवशी घरात पाऊल टाकलं तर ही दारामागून बघतेय. काय बोलावं सुचेना. म्हटलं, मी काका. तेव्हापासून काकाच. आता तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. परवा कपाट आवरताना बघितलं, आम्हा दोघांची नावं एकत्र असलेला एक कागद घरात नाही. एक नाही."

"आणि हा रकाना? संमतीचा?"

"तो तिचा. विचारलं नाही तिला अजून."

"का?" प्रश्न विचारणं सल्ल्यात मोडत नाही, असं बाईंनी स्वतःपुरतं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"नाही म्हणाली तर? आता दर रविवारी जेवायला येते. अवघडून तेही बंद व्हायचं. तिला कळू देऊ नका हं बाई, मी इथे येतो ते. तिला सांगितलंय, मंगळवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातो."

बाईंनी भिंतीवरचा दुसरा नियम दाखवला. कुलूपवाल्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते गेले.

दोनच दिवसांनी, गुरुवारी, एक बेकरीवाली मुलगी मागे रेंगाळली. मुलगी म्हणजे बत्तीसची असेल. हसरी, बाहीवर पिठाचा हात उमटलेला, दिवसभर ओव्हनसमोर उभी राहून चेहरा लाल झालेला. "मॅडम, सगळं भरून ठेवलंय. फक्त त्यांची सही राहिलीय," असं म्हणत तिने कागद दिला.

बाईंनी नाव वाचलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. तोच अर्ज, तीच दोन नावं. 'सध्याचे नाते' या रकान्यात एकच शब्द होता: वडील.

"वडील असतील तर दत्तक कशाला, असं विचारतील," बाई कशाबशा म्हणाल्या.

"कायद्याने नाहीत ना. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात नातं लिहायचं होतं, मी मुलगी लिहिलं. आडनाव जुळेना. काउंटरवरचा माणूस म्हणाला, कायद्याने तुम्ही त्यांच्या कोण? मॅडम, आत त्यांच्या डोळ्यावर पट्टी, आणि मी बाहेर बाकावर."

"मग त्यांना..." बाईंनी जीभ चावली. 'विचारून टाक' हा सल्ला झाला असता, निखळ आणि शंभर टक्के.

"त्यांना कसं विचारू? पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, मी काका. म्हणजे त्यांना काकाच राहायचं असणार. आईच्या पोरीला सांभाळलं, कशात म्हणून कमी केलं नाही. आता आई नाही, तर त्यांच्या गळ्यात पडणं बरं दिसतं का? त्यांना यातलं काही माहीत नाही. सांगितलंय, गुरुवारी पोहायला जाते."

त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या तोंडात पाणी धरल्यासारख्या. नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" बाई म्हणाल्या, "काही नाही." नवऱ्याने उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. तीस वर्षांत हे उत्तर त्याने प्रथमच ऐकलं होतं. जेवताना बाई दोनदा स्वतःशीच हसल्या आणि एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं, असं त्यांनी सांगितलं, पण पानात तर नुसता दहीभात होता.

एक वाक्य. एका वाक्यात दोन माणसांचं भलं झालं असतं आणि ते वाक्य बाईंच्या जिभेच्या टोकावर आठवडाभर नाचत राहिलं. मंगळवारी त्यांनी कुलूपवाल्यांना उगाचच विचारून पाहिलं, "गुरुवारच्या तुकडीत जागा आहे, यायचंय का?" ते नको म्हणाले, गुरुवारी दुकान असतं. मग बाईंचं लक्ष वेळापत्रकावर गेलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शनिवारी दोन्ही तुकड्या एकत्रच येणार होत्या की. आधी त्यांना आनंदाने नाचावंसं वाटलं आणि लगेच दुसरी शंका आली. ही दोघं दारातच समोरासमोर आली तर? ते म्हणतील, कुलूप दुरुस्त करायला आलो होतो. ती म्हणेल, पाव पोचवायला आले होते. दोघंही अर्ज पाठीमागे लपवतील आणि पुन्हा जन्मात इथे पाऊल ठेवणार नाहीत. भिडस्त माणसं एकदा मागे सरली की संपलं.

बाईंनी दोन्ही नियम चारचारदा वाचले. सुनावणीची यादी कोणत्या क्रमाने करायची, याबद्दल त्यांत अवाक्षर नव्हतं. सकाळचं काम आटोपून बेकरीवाली अकराला येणार होती. बाईंनी कुलूपवाल्यांचं नाव दहाला, सगळ्यांच्या वर टाकलं. आधी यांचं बोलून होऊ दे, निदान शब्द तरी तोंडाबाहेर पडू देत, पुढचं पुढे.

पण कोंबडावाल्या शिक्षकांना कोण आवरणार. "माझी सकाळची औषधं आहेत, मला आधी सोडा," म्हणून ते उभे राहिले आणि त्यांनी कोंबड्याच्या बांगेचं वेळापत्रक, तारीखवार, घसा साफ करत करत, पन्नास मिनिटं वाचून दाखवलं. दोनदा तर बांग देऊनही दाखवली. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले, न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. एकट्या बाई घड्याळाकडे बघत घामाघूम झाल्या. कुलूपवाले उठले तेव्हा अकराला पाच कमी होते.

इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्यांनी नाव सांगितलं, वय सांगितलं आणि फाइल या हातातून त्या हातात घेतली.

"बोला," न्यायाधीश म्हणाले. "इथे कोणी खात नाही."

नेमकं तेव्हाच दार किलकिलं झालं. बाई जवळजवळ धावतच गेल्या. दारात बेकरीवाली उभी होती, हातात कागद, काही विचारायला तोंड उघडलेलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. ग्रंथालयात ग्रंथपालाने ओठांवर बोट ठेवलं तर त्याला सल्ला म्हणत नाहीत. मुलगी पुस्तकांच्या कपाटाआड थांबली आणि पलीकडून ओळखीचा आवाज येऊ लागला.

"साहेब, मला मुलगी दत्तक घ्यायचीय. म्हणजे मुलगी आहेच. तेवीस वर्षं आहे."

"मग अर्ज कशासाठी?"

कुलूपवाल्यांनी फाइल उघडली. त्यात तीन ओळींत बसवलेलं कारण होतं. ते त्यांनी वाचायला घेतलं आणि पुन्हा मिटून ठेवलं. "साहेब, उद्या मी गेलो आणि तिला कोणी विचारलं, तुझं कोण गेलं, तर पोरीने काय सांगायचं? आईचा नवरा गेला? त्यासाठी कोणी रजासुद्धा देत नाही. मला नुसतं एवढंच पाहिजे, की तिला रडायचं असेल तर तिला हक्काने रडता यावं."

शिंप्याने मान खाली घातली होती.

"तिची संमती आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"विचारलं नाही."

"तेवीस वर्षांत?"

"मी लोकांची बंद दारं उघडून देतो, साहेब. हे एक जमलं नाही."

कपाटाआडून मुलगी बाहेर आली. चालत आली असं म्हणायचं, पण मधल्या दोन खुर्च्या तिने पाडल्या. कुलूपवाल्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या हातातली फाइल उघडीच्या उघडी जमिनीवर पडली.

"मी कुलूप..." ते म्हणाले.

"गुडघा कसा आहे, काका?" ती म्हणाली.

त्यांनी तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "तू पोहायला जातेस ना?"

"मला पोहता येत नाही."

तिने आपला अर्ज न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवला. न्यायाधीशांनी जमिनीवरचा दुसरा मागून घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. एकावर कुलूपवाल्यांची सही होती, तिची नव्हती. दुसऱ्यावर तिची होती, त्यांची नव्हती. म्हातारे गृहस्थ बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं न्यायालयात बसलो. दोन्ही पक्ष एकच गोष्ट मागताना आज पहिल्यांदा बघतोय. मुली, अर्ज मंजूर झाला तर यांना काय म्हणशील?"

"काकाच," ती म्हणाली. "आता सवय झालीय."

कुलूपवाले हसायला लागले आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. "काकाच बरं," ते म्हणाले. "बाबा म्हणालीस तर मला कळायचंही नाही, कोणाला हाक मारतेय."

"मंजूर," न्यायाधीश म्हणाले आणि ग्रंथालयात बावीस वर्षांत झाला नव्हता एवढा आवाज झाला. नर्स शिंप्याच्या गळ्यात पडून रडली, शिक्षकांनी आनंदाच्या भरात आणखी एकदा बांग दिली. बाईंना आता उठून सांगायचं होतं की ही नमुना सुनावणी आहे, या निकालाला कायद्याने काही किंमत नाही. तसं सांगणं त्यांच्या कामाचाच भाग होता. त्या उठल्या, त्यांनी ते सगळं अगदी शब्दशः सांगितलं, आणि त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

गडबड जरा निवली तेव्हा दोघं टेबलाच्या टोकाला बसली होती. खरा अर्ज सोमवारी द्यायचा होता आणि तो कुलूपवाल्यांचाच द्यायचा असं ठरलं होतं, कारण ते मोठे. मुलीने बाईंकडून पेन मागून घेतलं आणि संमतीच्या रकान्यावर टेकवलं. कुलूपवाल्यांनी चटकन तिचा हात धरला.

"थांब. सही करायच्या आधी कागद नीट वाचावा माणसाने. घाई नाही करायची."

"वाचलाय, काका," ती म्हणाली. "चार गुरुवार तोच वाचतेय."