होळीचं कवाड

चारित्र्य पडताळणीचा अर्ज मीच भरत होते. माझ्या नवऱ्याला, जीवनला, मोबाईलवर मराठी टाईप करायचा कंटाळा, आणि घरात बी.ए. झालेली मी एकटी, त्यामुळे गॅसच्या केवायसीपासून लेकीच्या आधार कार्डापर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. नाव, गाव, पोलीस ठाणं, फोटो, सगळं बसलं. मग प्रश्न आला : आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे का? खाली होय आणि नाही.

माझं बोट तिथंच थांबलं.

"कावून थांबलीस?" जीवन मितूला वरणभात भरवत होता.

मी मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं वाचलं. मितूनं तोंड उघडून ठेवलं होतं, पण घास काही आला नाही.

आमच्या मागच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. तिथल्या एका कंपनीत जीवनची निवड झाली होती. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन तो, मुलाखतीत साहेबांनी पाठ थोपटली म्हणे. फक्त पोलिसांचा दाखला आणायचा होता. आता या पवनचक्क्यांची तांब्याची केबल सारखी चोरीला जाते, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत. त्यामुळे कंपनीला माणूस कसा हवा, तर ज्याच्या नावाजवळ चोरी हा शब्द कधी फिरकला नाही असा.

आणि जीवनच्या नावाजवळ तो होता.

मला हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं. बघायला आले तेव्हा त्यानंच सांगितलं होतं. होळीला पोरं लाकडं चोरतात, तसं हे चौघं दोस्त विजयसिंह आबांच्या शेतातल्या आखाड्यावर गेले आणि गोठ्याचं मोडकं कवाड उचलून आणलं. होळीत टाकलं, जळलं. दरसाली कुणाचं ना कुणाचं काहीतरी जातंच. मालक दोन शिव्या देतो, पोरं बोंब मारतात, संपलं. पण त्या साली ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि पोरांतल्या दोघांचे वडील आबांच्या विरुद्ध पॅनलमध्ये. आबांनी रागारागात तक्रार दिली. सागाचं कवाड, चोरी. निवडणूक झाली, समझोता झाला, एकेकाचे वडील आबांकडे जाऊन बसले आणि तक्रारीतून तीन नावं गळाली. जीवनचे वडील तेव्हा ऊसतोडीला कर्नाटकात होते. त्याच्यासाठी जाऊन बसायला कुणी नव्हतं.

हे ऐकून माझे मामा तेव्हा खो खो हसले होते. "होळीचं लाकूड? मग सगळा जिल्हा आत पाहिजे की!"

मीही हसले होते.

"पण ते मिटलं ना?" मी आता विचारलं. "कोर्टात काय झालं होतं नेमकं?"

"मिटलंच की. वकील म्हणला, तारखा करत बसशील तर म्हातारा होशील, कबूल करून टाक. केलं. जज म्हणले दंड, आन् कोर्ट उठेपर्यंत शिक्षा. मंग बसलो बाकड्यावर. पाच-साडेपाचला जज उठले, मी बी उठलो. येताना मायला भजे आणले."

तो हे अगदी सहज सांगत होता. मिटलं नव्हतं. कबूल केलं म्हणजे शाबीत झालं होतं. अख्ख्या घरानं भजी खाऊन जे साजरं केलं, ती शिक्षा होती. आणि बी.ए. होऊनही मी इतकी वर्षं त्याला मिटलं असंच म्हणत आले.

माझ्या सासूबाई, भिमाबाई, उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. आपल्याला कमी ऐकू येतं असं त्या सांगतात, पण पाहिजे ते सगळं ऐकू येतं.

"आपल्यात होळी न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्याच्या बापानं कधी होळीला नारळ टाकला न्हाई. आन् गुन्हा कशाचा लागला तर होळीचा. कावून गेलतास रे?"

"अंगद म्हणला चल. दोस्त होते सगळे."

"दोस्त," त्या म्हणाल्या आणि लसणाची साल फुंकली.

त्याच अंगदनं जीवनचं नाव कंपनीत सुचवलं होतं. तो तिथं दोन वर्षं कामाला आहे. संध्याकाळी तो आला, दारातच गाडीवर बसून बोलला. "नाही लिहा वहिनी. कोण बघतंय? मी बी नाहीच लिहिलं होतं."

"तुमचं खरंच नव्हतं," मी म्हणाले.

तो गाडीचा आरसा नीट करायला लागला. "कवाड उपटलं तर मीच होतं," असं काहीतरी पुटपुटला. मग जीवनला म्हणाला, "चल बे, चहा पिऊन येऊ." जीवन गेला. मला त्याचाच राग आला, अंगदचा नाही.

रात्रभर मी दोन्ही बाजूंनी विचार केला. नाही लिहावं आणि सापडावं, तर चोरही आणि खोटारडाही. होय लिहावं, तर तिथंच दार बंद. चाकणचा ठेकेदार सारखा फोन करत होता, होळी झाली की या म्हणून. याआधी जीवन तिथंच होता. मितूला तेव्हा बाप म्हणजे मोबाईल वाटायचा. तो खरा घरी आला की माझ्या पदरामागं लपायची. आता कुठं ती त्याच्या पोटावर झोपायला लागली होती.

सकाळी मी होय केलं. खाली रकाना होता, त्यात कलम, साल, दंड, सगळं लिहिलं. जीवन म्हणाला, "होळी बी लिव." मी लिहिलं.

मग वाटलं, ज्यांनी तक्रार दिली त्यांनीच काही सांगितलं तर? आम्ही दोघं आबांकडे गेलो. आबा आता थकलेत, गुडघ्याला पट्टा बांधून ओसरीत बसले होते.

"कोण? निवृत्तीचा जीवन का? ये ये. ही सूनबाई का?" सगळं ऐकून ते अगदी मनापासून चकित झाले. "अरे, ते कवाड? ते तर वाळवीनं खाल्लेलं होतं. मी तर त्याच साली विसरलो. तुला त्याचा लई त्रास झाला का रे?"

"जरा झाला, आबा."

"मंग तेव्हाच यायचं नाही का! बाकीचे आले, मी लगेच मिटवलं."

जीवन खाली बघत होता. मला बोलायचं होतं, पण त्यानं हळूच माझ्या कोपराला हात लावला. आबांनी आमच्यासमोर कुणाकुणाला फोन लावले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "कोर्टाचं झालंय म्हणं. आता माझ्या हातात न्हाई. काय लिहून पाहिजे असलं तर देतो पोरी, जीवन गुणाचा हाय म्हणून." आणि दिलंही, चांगल्या अक्षरात. माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त थकवा आला.

आठवड्यानं पोलीस ठाण्यातले बद्रीनाथ जमादार चौकशीला घरी आले. गल्लीतल्या बाया दारात आल्या. मी दार पूर्ण उघडं ठेवलं, बंद केलं तर अजून काही वाटायचं. जमादारांनी मितूला नाव विचारलं, चहा घेतला, आबांची चिठ्ठी वाचून परत दिली.

"खरं लिहिलंत, चांगलं केलंत ताई. लपवलं असतं तर मलाच सापडलं असतं, कॉम्प्युटरवर नाव टाकलं की येतं."

"जमादारसाहेब, होळीचं लाकूड होतं हो."

"मला कळतंय ना. मी पण लहानपणी कमी नेली न्हाईत." ते हसले. "पण रकान्यात होळी नसती. कलम असतं. मी जे हाय ते लिहिणार. पुढं कंपनी जाणे."

कंपनीचा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. जीवननं स्पीकर लावला. कुठल्यातरी मोठ्या शहरातली मुलगी होती, आवाज गोड, हिंदी बोलत होती. रिपोर्टमध्ये चोरी दिसतेय, काय प्रकरण आहे?

"मॅडम, वो होली का था," जीवन उभा राहूनच बोलायला लागला. "हमारे गाँव में होली को लकडी चुराते. सब चुराते. रिवाज है."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"मतलब आप मान रहे हैं कि चोरी की थी?"

"चोरी नहीं मॅडम, होली."

"लेकिन कोर्ट में आपने कबूल किया था?"

जीवननं माझ्याकडे बघितलं. कणकेचे हात मी तसेच वर धरून उभी होते.

"हाँ जी," तो म्हणाला. "किया था."

ती म्हणाली, ठीक आहे, आम्ही कळवू. तिचा काही दोष नव्हता. तिच्यासमोर एक माणूस दुसऱ्यांदा कबूल झाला होता.

कळवलं त्यांनी. दोन ओळींचा मेल, इंग्रजीत. मी वाचून दाखवला. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतेत?" "न्हाई म्हणतेत," जीवन म्हणाला आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल शोधू लागला.

होळीच्या दिवशी दुपारी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. रात्रीची चाकणला जायची गाडी होती. मी त्याच्या डब्यासाठी धपाटे थापत होते, तेवढ्यात मितू धावत अंगणात आली. फ्रॉकला माती, केसांत काड्या, आणि दोन्ही हातांनी ओढत आणलेली बाजेची एक माच, खाटेचं आडवं लाकूड.

"आई, बघ! मी एकटीनं आणली! वच्छला आजीच्या घरामागून!"

मी तवा तसाच सोडला. तिच्या दंडाला धरलं, दुसऱ्या हातानं ती माच उचलली आणि तिला ओढतच शेजारच्या वच्छलाबाईंच्या दारात नेलं. मितू रडायला लागली होती.

"आजीला दे. सॉरी म्हण."

वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. "अगं यशोधरा, यड लागलं का तुला? होळी हाय! न्हेऊ दे की. मी मुद्दाम बाहेर ठिवली होती पोरास्नी सापडावी म्हणून. लेकराला कावून रडवतीस?"

"नको मावशी. घ्या तुम्ही."

"मी तक्रार देणार हाय का तुझ्या लेकीवर?" त्या थट्टेनंच म्हणाल्या. मग त्यांचं त्यांनाच उमगलं असावं. त्यांनी माच घेतली आणि भिंतीला उभी केली.

परत येताना मितू हुंदके देत होती. जीवन दारात उभा होता, त्यानं सगळं बघितलं होतं. त्यानं तिला कडेवर घेतलं, तिच्या केसांतल्या काड्या एकेक करून काढायला लागला.

"पप्पा, मी चोरी केली का?"

"न्हाई," तो म्हणाला.

"मग आई का रागावली?"

आत तव्यावर धपाटं करपल्याचा वास सुटला होता. मी पटकन आत गेले. जीवन तिला काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही.