ओस घराची शाकारणी

भग्न वास्तूंचे फोटो मेयो परगण्यात पुष्कळ जण काढतात, पण माझ्यासारखे कुणी काढत नाही, हे मी कुणाची भीडभाड न ठेवता सांगते. स्लायगोपासून केरीपर्यंतचे मठ, मनोरे, दुष्काळात ओस पडलेली गावं मी पालथी घातली, आणि माझ्या एकाही फोटोत माणूस नाही. दगड, गवत आणि आभाळ, बस्स. माझा नवरा कॉर्मक, धंद्यानं घरं शाकारणारा, कॅमेऱ्याची तिपाई आणि चहाचा थर्मास घेऊन मागून यायचा आणि चुकून फोटोच्या चौकटीत शिरला की माझी बोलणी खायचा.

"नुआला, तुझं लग्न त्या भिंतींशी झालंय. मी आपला हमाल," असं म्हणून हसायचा.

त्या दिवशी समुद्राकाठच्या ओस वस्तीतल्या शेवटच्या घरात आम्ही पुढच्या दारानं शिरलो. छप्पर केव्हाच गेलेलं, चुलीपाशी काटेरी झुडपं माजलेली. मी बाहेर येऊन तिपाई लावली, तोच ढगांतून असं काही ऊन उतरलं की मला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. कॉर्मक मात्र आतच रेंगाळत होता.

"अरे, बाहेर हो! ऊन जाईल!"

"येतो की दारातून."

"दार माझ्या चौकटीत आहे. मागची भिंत पडलीय ना, तिकडून जा."

तो घुटमळला. "आलो त्याच दारानं जावं गं. माझी आई तर पोस्टमनलासुद्धा मागून जाऊ द्यायची नाही."

"घर कुठंय इथं? चार दगड आहेत. जा म्हणते ना!"

पाहुणा ज्या दारानं आला त्याच दारानं परततो, नाहीतर त्याचं काहीतरी त्या घरात राहून जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण ऊन कुणासाठी थांबत नाही. तो मागून उतरला आणि मी बटण दाबलं.

फोटो अप्रतिम आला. एक प्रत मी बैठकीच्या खोलीत लावली, दुसरी परगण्याच्या फोटो-मंडळाकडे भग्न वास्तूंच्या स्पर्धेला पाठवली, आणि बक्षीस माझंच, हे मी शेजारणींना सांगूनही टाकलं.

फोटो काढला त्याच संध्याकाळी कॉर्मकनं स्वतःच्याच दारावर टकटक केली. "काय नाटकं करतोस!" मी म्हटलं. तो टोपी गुडघ्यावर ठेवून खुर्चीच्या कडेवर बसला, आणि चमचे कुठे असतात ते त्यानं मला विचारलं. मग हळूहळू तो मला 'बाई' म्हणू लागला, 'तुम्ही' म्हणू लागला. चहा आणि पाव झाला की उठायचा, "निघतो आता, फार वेळ घेतला तुमचा," म्हणून फाटकापर्यंत जायचा, तिथे बराच वेळ उभा राहायचा आणि परत येऊन टकटक करायचा. डॉक्टरांनी तपासलं, ठणठणीत आहे म्हणाले.

मग मंडळाच्या चिटणीस मिसेस गॅव्हिन यांचा फोन आला. "नुआला, स्पर्धा पडक्या घरांची आहे गं. तू कुणाचं तरी नांदतं घर पाठवलंस."

"चष्मा बदला!" मी ताडकन म्हटलं आणि फोन आपटला. मग भिंतीकडे पाहिलं.

घरावर छप्पर होतं. नवं, पेंढ्यांनी शाकारलेलं, कडा सारख्या कापलेल्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोऱ्यांना दगड लटकावलेले, थेट कॉर्मकच्या हातची पद्धत. धुराड्यातून धूर निघत होता. माझा माणूस मी तिथे सोडून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तिथे घेऊन गेले. घर होतं तसंच होतं, उघडंबोडकं. "मागून आत शीर आणि पुढच्या दारानं बाहेर ये. एवढं कर, तुझ्या पाया पडते."

तो कानकोंडा झाला. "लोकांच्या घरात मागच्या बाजूनं शिरू? मालक काय म्हणेल, बाई?"

मी रडले, ओरडले, हात धरून ओढलं. तो जागचा हलला नाही. उलट, मला त्रास दिल्याबद्दल माफी मागत राहिला.

आता फोटोत दाराला निळा रंग लागलाय आणि अंगणात बटाट्याचे सरळ वाफे आहेत. मिसेस गॅव्हिनना मी तो परत मागितला नाही. बघू देत लोकांना.

काल चहा झाल्यावर तो फोटोपुढे उभा राहिला. "तुमच्या यजमानांची काही भेट होत नाही, बाई."

"कामात असतात."

त्यानं वाकून छपराची कड न्याहाळली आणि मान डोलावली. "माणूस मोठा कसबी आहे हो."

"आहेच मुळी," मी म्हटलं. "अख्ख्या मेयोत असा हात नाही दुसरा. पण घरी यायचं नाव काढत नाही."